अंगठा आणि चक्र : रॅली व्हिडिओ गेममधील कंट्रोलर-वापराची चिकित्सा

प्रास्ताविक

मराठीत व्हिडिओ गेमविषयी जे गंभीर लेखन आढळते ते बहुतांशी मानसशास्त्राच्या आणि शिक्षणशास्त्राच्या अंगाने झालेले असते. मुलांची एकाग्रता, हिंसेचे अनुकरण, अभ्यासाकडील दुर्लक्ष ही त्याची ठरलेली सूत्रे होत. हे प्रश्न महत्त्वाचे नाहीत असे नव्हे. परंतु त्यांत गेमकडे एक बाहेरून आलेला उपद्रव म्हणून पाहिले जाते. कादंबरीचा विचार करताना वाचकाच्या डोळ्यांचे आरोग्य हा समीक्षेचा विषय होत नाही. त्याच न्यायाने गेमचा विचार करताना त्याची घडण कशी आहे आणि खेळणाऱ्याच्या शरीराशी तो कोणता करार करतो, हे पाहणे समीक्षेचे काम ठरते.

येथे 'शरीराशी करार' हा शब्दप्रयोग जाणीवपूर्वक केला आहे. चित्रपटाला प्रेक्षकाचे हात लागत नाहीत; गेमला लागतात. ते हात कोणत्या वस्तूवर ठेवलेले आहेत, यावर गेमचा अनुभव मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. रॅली शर्यतीच्या गेममध्ये हा प्रश्न विशेष तीव्र होतो, कारण तेथे दोन साधने एकमेकांसमोर उभी असतात. एक, टेबलाला आवळून बसवलेले स्टिअरिंगचे चक्र व पायाखालचे पेडल. दुसरे, दोन्ही हातांच्या ओंजळीत मावणारा कंट्रोलर. कंट्रोलरवर डाव्या अंगठ्याखालच्या छोट्या स्टिकने गाडी वळवायची, उजव्या तर्जनीखालच्या ट्रिगरने वेग द्यायचा आणि डाव्या तर्जनीखालच्या ट्रिगरने ब्रेक लावायचा, अशी सर्वसाधारण योजना असते.

खेळणाऱ्यांच्या वर्तुळात या दोन साधनांमध्ये एक उघड श्रेणी मानली जाते. चक्रावर खेळणारा तो खरा, कंट्रोलरवर खेळणारा तो तात्पुरता, पैसे जमेपर्यंत वाट पाहणारा, असा तो समज आहे. गेमची परीक्षणे लिहिणारेही पुष्कळदा चक्रावर खेळून निर्णय देतात आणि कंट्रोलरसाठी शेवटी एखादे वाक्य राखून ठेवतात. हा समज कितपत टिकतो, आणि जेथे टिकतो तेथे कोणत्या कारणाने, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

चक्राचा वारसा

चक्राला मिळालेल्या प्रतिष्ठेमागे इतिहास आहे. अटारी कंपनीचा 'ग्रॅन ट्रॅक १०' हा १९७४ चा आर्केड गेम चक्र, पेडल आणि गिअरची दांडी घेऊनच आला. पडद्यावरची गाडी म्हणजे काही ठिपक्यांची आकृती. पण हातातले चक्र मात्र खरेखुरे. पडदा जे दाखवू शकत नव्हता त्याची भरपाई चक्राने करायची, असा तो व्यवहार होता. पुढे १९९० च्या दशकाच्या मध्यास सेगा कंपनीच्या 'सेगा रॅली चॅम्पियनशिप'ने डांबर, खडी आणि चिखल यांच्या पकडीतला फरक खेळणाऱ्याच्या तळहातापर्यंत पोहोचवला. त्याच्या आर्केड यंत्रातले चक्र हाताला विरोध करीत असे. नाणे टाकून खेळायच्या सार्वजनिक यंत्राला असे अवजड साधन परवडत होते.

घरी आल्यावर हे चित्र बदलले. सेगाच्या 'सॅटर्न' या घरगुती यंत्राचा मूळ पॅड केवळ दिशादर्शक बटणांचा होता. डावीकडे म्हणजे पूर्ण डावीकडे, उजवीकडे म्हणजे पूर्ण उजवीकडे. मधली पायरी नाही. १९९४ च्या अखेरीस जपानमध्ये आलेल्या सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनचा पॅडही तसाच होता. त्या काळातल्या खेळणाऱ्याने या उणिवेवर जो उपाय काढला तो मनोरंजक आहे. तो बटण दाबून धरीत नसे, ते टिचकीसारखे वाजवीत असे. दोन टिचक्यांमधले अंतर कमीजास्त करून वळणाची तीव्रता ठरवायची. जे प्रमाण अवकाशात मिळत नव्हते ते काळात मिळवायचे, असा हा मार्ग होता. नामको कंपनीने १९९५ मध्ये 'नेगकॉन' नावाचा एक विलक्षण कंट्रोलर काढला. त्याचे दोन अर्धे भाग मध्यावर पिळता येत आणि त्या पिळण्यातून वळण ठरे. चक्र नव्हे आणि बटणही नव्हे, अशी ती तिसरी वाट पुढे कोणी फारशी चोखाळली नाही, ही खेदाची गोष्ट म्हणावी लागेल.

१९९७ मध्ये जपानमध्ये व पुढच्या वर्षी अन्यत्र सोनीचा 'ड्युअलशॉक' आला. दोन ॲनालॉग स्टिक आणि कंपनासाठी दोन मोटरी असलेला हा कंट्रोलर आणि कोडमास्टर्स या ब्रिटिश कंपनीचा 'कॉलिन मॅक्रे रॅली' (१९९८) यांचा काळ जवळजवळ एकच. १९९५ चा विश्वविजेता स्कॉटिश चालक कॉलिन मॅक्रे याच्या नावाचा हा गेम, आणि त्यात सूचना देणारा आवाज त्याचा प्रत्यक्षातला सहचालक निकी ग्रिस्ट याचा. घरगुती रॅली गेमची जी परंपरा आज अभ्यासकांसमोर आहे तिचे मूळ येथे आहे, आणि ती परंपरा प्राधान्याने अंगठ्यांनी घडवलेली आहे. चक्र हा आर्केडचा वारसा. घरातला रॅली गेम मात्र कंट्रोलरवर वाढला, हे वास्तव या वादात सहसा विसरले जाते.

रॅलीचे मर्म कोठे आहे?

चक्राच्या बाजूने केला जाणारा मुख्य युक्तिवाद साधर्म्याचा आहे. खरी गाडी चक्राने चालते, म्हणून गेमही चक्राने खेळावा. या युक्तिवादाची ताकद तपासण्यासाठी फ्रेंच विचारवंत रॉजे कायवा याने १९५८ च्या आपल्या ग्रंथात केलेले खेळांचे वर्गीकरण उपयोगी पडते. आगॉन म्हणजे स्पर्धा, आलेआ म्हणजे दैवाधीनता, मिमिक्री म्हणजे सोंग, आणि इलिंक्स म्हणजे भोवळ. भोवऱ्यासारखे गरगरून स्वतःचा तोल क्षणभर हरवून घेण्यातला आनंद या चौथ्या प्रकारात येतो. साधर्म्याचा युक्तिवाद रॅली गेमला केवळ मिमिक्री मानतो. सोंग वठवायचे तर पोशाख पूर्ण हवा; चक्र हा तो पोशाख. परंतु रॅली गेममध्ये भोवळही आहे आणि स्पर्धाही आहे. निसरड्या रस्त्यावर गाडी आडवी होते, क्षितिज बाजूला सरकते आणि पोटात खड्डा पडतो. त्या क्षणी हातात काय आहे याला दुय्यम महत्त्व उरते.

याहून महत्त्वाचा मुद्दा रॅलीच्या स्वरूपाचा आहे. वर्तुळाकार मार्गावरील शर्यतीत चालक तेच वळण पन्नास वेळा घेतो. रॅलीत मात्र रस्ता सामान्य वापरातला, अरुंद, झाडाझुडपांतून जाणारा असतो आणि प्रत्येक गाडी एकटीच घड्याळाशी झगडत धावते. वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही. म्हणून शेजारी सहचालक बसतो आणि आधी लिहून ठेवलेल्या टिपणांवरून, म्हणजे पेस-नोट्सवरून, पुढचा रस्ता वाचून दाखवतो. १९५५ च्या मिले मिलिया शर्यतीत स्टर्लिंग मॉस याच्या शेजारी बसलेल्या डेनिस जेन्किन्सन या पत्रकाराने इटलीच्या रस्त्यांची टिपणे कागदाच्या लांब गुंडाळीवर उतरवून नेली होती. इंजिनाच्या गोंगाटात आवाज ऐकू येणे अशक्य, म्हणून तो हाताच्या खुणांनी वळणे सांगत असे. सुमारे एक हजार मैलांचे ते अंतर मॉसने १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत पार करून शर्यत जिंकली. न दिसणाऱ्या वळणावर विश्वासाने गाडी झोकून देणे हे जे रॅलीचे मर्म, ते त्या कागदाच्या गुंडाळीत आधीच होते.

गेममध्ये ही टिपणे बहुधा एक ते सहा या अंकांत येतात. एक म्हणजे अत्यंत तीव्र वळण, सहा म्हणजे जवळजवळ सरळ. त्याला जोड म्हणून 'पुढे आवळते', 'आत कापू नका', 'चढावापलीकडे' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द. खेळणारा एक वळण घेत असतो, दुसरे ऐकत असतो आणि तिसऱ्यासाठी गाडीचा तोल तयार करीत असतो. २०१६ च्या फिनलंड रॅलीत क्रिस मीक याने विजय मिळवला तेव्हा त्याचा सरासरी वेग ताशी १२६ किलोमीटरहून अधिक होता. ताशी १४४ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ४० मीटर. पाव सेकंद उशीर झाला तर गाडी दहा मीटर पुढे गेलेली असते, आणि त्या रस्त्यांच्या कडेला झाडे असतात. या परिस्थितीत ऐकलेल्या शब्दाचे कृतीत रूपांतर करणे हेच मुख्य कौशल्य ठरते. ते कानात, स्मृतीत आणि निर्णयात वसलेले आहे. तेथे अंगठा आणि चक्र यांच्यात भेद करण्याचे कारण उरत नाही.

अंगठ्याला काय कळत नाही

येथवरचे विवेचन कंट्रोलरच्या बाजूने झुकलेले दिसेल. तथापि कंट्रोलरवर जे हरवते तेही खरे आहे आणि ते नेमके सांगितले पाहिजे. अन्यथा समीक्षेचे वकिलीत रूपांतर होते.

पहिली हानी मापाची आहे. घरगुती चक्रे सामान्यतः ९०० अंशांपर्यंत, म्हणजे अडीच फेरे फिरतात. स्टिकचा प्रवास मध्यापासून कडेपर्यंत एखाद्या सेंटीमीटरच्या आसपासचा. त्यातही मध्याजवळचा काही भाग मृत मानावा लागतो, कारण अंगठा उचलल्यावरही स्टिक अगदी शून्यावर येऊन थांबेल याची खात्री नसते. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० च्या कंट्रोलरसाठी आज्ञावली लिहिणाऱ्यांना जो आकडा सुचवला तो बोलका आहे. स्टिकची एका दिशेची पूर्ण मर्यादा ३२,७६७. त्यातील डाव्या स्टिकचा मृत प्रदेश ७,८४९. म्हणजे जवळजवळ चोवीस टक्के प्रवास जमेस धरायचाच नाही. हा सल्ला तंतोतंत पाळला तर वेगवान रस्त्यावरची बारीक दुरुस्ती नेमकी त्या मृत प्रदेशात जाऊन पडते. त्यामुळे प्रत्येक चांगल्या रॅली गेमला हा प्रदेश आक्रसावा लागतो, उरलेला प्रवास वक्र पद्धतीने वाटून द्यावा लागतो आणि वेग वाढेल तसे वळण मर्यादित करावे लागते. अंगठा 'पूर्ण डावीकडे' म्हणतो तेव्हा गेम ते वाक्य जसेच्या तसे स्वीकारत नाही. तो त्याचा अर्थ लावतो. चक्र फिरवणे ही आज्ञा असेल, तर स्टिक ढकलणे हा अर्ज आहे, असे म्हणता येईल.

दुसरी हानी अधिक सूक्ष्म, आणि अधिक गंभीर. खऱ्या गाडीची पुढची चाके ज्या दिशेने गाडी प्रत्यक्ष सरकत असते त्या दिशेकडे आपोआप वळू पाहतात. गाडी आडवी घसरू लागली की चक्र चालकाच्या बोटांतून स्वतःच उलट दिशेला फिरू लागते. कुशल चालक त्याला वाट करून देतो आणि योग्य क्षणी पुन्हा पकडतो. म्हणजे चक्राचा विश्रामबिंदू स्थिर नसतो, तो गाडीच्या गतीबरोबर सरकत असतो. तळहाताला रस्त्याची बातमी मिळते ती या सरकण्यातून. पुढच्या चाकांची पकड सुटली की चक्र हलके होते, तीही एक बातमीच. स्टिकला एक स्प्रिंग असते आणि ती तिला नेहमी एकाच जागी, भूमितीय मध्याकडे, ओढते. गाडी घसरत असताना खऱ्या चक्राची ओढ 'उलट वळव' असे सांगेल. स्प्रिंगची ओढ मात्र 'सरळ कर' असे सांगत राहते. कंट्रोलरवर खेळणाऱ्याला आपल्याच हातातल्या वस्तूचे म्हणणे नाकारून गाडी सावरावी लागते. ही उणीव सरावाने झाकली जाते, पण ती नाहीशी होत नाही.

तिसरी गोष्ट पृष्ठभागाची. खडीवर किंवा चिखलात गाडी सतत सरकत असते, तोल एका चाकावरून दुसऱ्यावर जात असतो आणि ढोबळ हालचाल त्या सरकण्यात जिरून जाते. डांबरावर तसे नसते. तेथे वळणाचा एकच कोन धरून ठेवावा लागतो आणि अंगठ्याचा प्रत्येक कंप गाडीच्या नाकात उमटतो. म्हणूनच कंट्रोलरवर फिनलंडची किंवा वेल्सची खडी सुसह्य, बऱ्याचदा सुखद वाटते, तर जर्मनीतल्या द्राक्षमळ्यांमधले डांबरी रस्ते कृत्रिम वाटू लागतात. गेम वास्तवाशी किती प्रामाणिक आहे याचे मोजमाप करताना साधन आणि पृष्ठभाग यांची ही जोडी लक्षात घेतली नाही, तर निर्णय चुकण्याचा संभव फार.

मात्र चक्रालाही निरपवाद सत्याचा दर्जा देता येत नाही. त्याच्यातून हाताला मिळणारा विरोध रस्त्यावरून आलेला नसतो. गेमने गणित करून काढलेला एक आकडा मोटरला दिला जातो आणि मोटर तेवढे बळ लावते. लॉजिटेकच्या जी-२९ (२०१५) सारख्या लोकप्रिय चक्राचे बळ सुमारे दोन न्यूटन-मीटर. फॅनाटेकच्या सीएसएल-डीडी (२०२१) या थेट मोटरीवर बसवलेल्या चक्राचे पाच, आणि अधिक क्षमतेचा वीजपुरवठा जोडल्यास आठ. त्याच गेममधला तोच खड्डा दोन चक्रांवर दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. यातला कोणता खड्डा खरा, असे विचारण्यात अर्थ नाही. दोन्ही अनुवाद आहेत. एक अधिक शब्दशः, इतकेच.

डोळा, कान आणि तर्जनी

मर्ढेकरांनी आपल्या सौंदर्यविचारात संवेदनांच्या लयबद्ध रचनेला मध्यवर्ती स्थान दिले आणि त्या लयीचे संवाद, विरोध व समतोल असे नियम मांडले. त्यांच्यासमोर काव्य आणि इतर ललितकला होत्या. गेमचा विचार तेथे असण्याचे कारण नाही. पण संवेदनांची रचना हा त्यांचा प्रश्न येथे उपकारक ठरतो. कंट्रोलरवर तळहाताची संवेदना हरवते, ती कोठे जाते? ती पुष्कळशी डोळ्याकडे आणि कानाकडे जाते.

कंट्रोलरवर खेळणारे अनेकजण गाडीच्या मागून दिसणारे दृश्य निवडतात. चक्राचे अभिमानी याला पोरकट मानतात. पण त्यामागे कारण आहे. मागून पाहिले की गाडी किती आडवी झाली आहे हे डोळ्यांना थेट दिसते. चक्राने जी गोष्ट तळहाताला सांगितली असती ती येथे गाडीच्या पाठीचा कोन सांगतो. टायरखाली खडी सरकण्याचा आवाज, इंजिनाचा चढलेला सूर, तळव्यांतले कंपन हे सारे याच कामाला जुंपलेले असतात. याउलट गाडीच्या आतले दृश्य निवडले की एक गमतीचे द्वैत निर्माण होते : पडद्यावर हातमोजे घातलेले कोणाचे तरी हात चक्र फिरवीत असतात आणि खेळणाऱ्याचा अंगठा त्या हातांना केवळ इशारा करीत असतो. चक्रावर खेळणाऱ्याला तर एकाच वेळी दोन चक्रे दिसतात, एक पडद्यावर आणि एक हातात. म्हणून काही गेममध्ये पडद्यावरचे चक्र लपवण्याची सोय दिलेली असते. सोंगाच्या परिपूर्णतेसाठी सोंगाचाच एक भाग पुसावा लागावा, हे लक्षणीय आहे.

तर्जन्यांची बाजू मात्र कंट्रोलरची निर्विवाद जमेची बाजू होय. नियंत्रित घसरणीसाठी रॅलीचालक डाव्या पायाने ब्रेक लावतात, उजवा पाय वेगावर कायम ठेवून. स्वीडनचा एरिक कार्लसन याने १९६० च्या दशकारंभी आपल्या साब गाडीत हे तंत्र गाजवले. रस्त्यावरच्या सवयीने गाडी चालवणाऱ्याला डावा पाय क्लचचा आहे हे विसरणे फार जड जाते आणि चक्र-पेडलवर नव्याने बसणाऱ्यालाही तीच अडचण येते. कंट्रोलरवर ब्रेक आणि वेग या दोन वेगळ्या बोटांच्या स्वाधीन आधीपासूनच आहेत. ट्रिगरच्या २५५ पायऱ्यांवर दोन्ही तर्जन्या एकमेकींविरुद्ध तोलत गाडीचे नाक वळणात ढकलणे हे कंट्रोलरवर जवळजवळ सहजधर्मासारखे येते. वळणाच्या आधी गाडी क्षणभर उलट दिशेला झोकून मग आत फेकण्याचे तंत्र, ज्याला स्कँडिनेव्हियन फ्लिक म्हणतात, त्याचेही असेच. अंगठ्याची एक उलटसुलट हालचाल, डाव्या तर्जनीचा एक हलका दाब, आणि गाडी आडवी. येथे विरोधातून समतोल साधण्याची लय अंगठ्यावर जितकी स्वच्छ उमटते तितकी ती फिरत्या मोठ्या चक्रावर नवख्याला लवकर सापडत नाही.

तीन गेम, तीन करार

या दृष्टीने तीन गेमची तुलना उद्बोधक ठरते. 'रिचर्ड बर्न्स रॅली' (२००४) हा वॉर्थॉग या संस्थेने घडवलेला, २००१ च्या इंग्लिश विश्वविजेत्याच्या नावाचा गेम वास्तवनिष्ठेचा मानदंड मानला जातो. प्रकाशनानंतर दोन दशकांनीही जगभरातले चाहते त्यात नवे रस्ते आणि गाड्या जोडून तो खेळत राहिले, यावरून त्याच्या भौतिक गणिताची पक्की वीण कळून येते. पण हा गेम प्लेस्टेशन-२ आणि एक्सबॉक्स या यंत्रांसाठीही विकला गेला, जेथे बहुसंख्यांच्या हाती कंट्रोलरच असणार हे उघड होते. असे असूनही अंगठ्याचे बोलणे समजून घेण्याची तयारी त्याने फारशी दाखवली नाही. गाडीचे वजन, टायरची पकड यांचे सूक्ष्म भान असलेला हा गेम खेळणाऱ्याच्या हाताविषयी मात्र बेफिकीर आहे. याला कठोरता म्हणून गौरवण्याचा प्रघात आहे. तो अर्धाच योग्य आहे : गाडीची कठोरता ही वास्तवनिष्ठा, साधनाची कठोरता ही रचनेतील उणीव.

'डर्ट रॅली' (२०१५) या कोडमास्टर्सच्या गेमने वेगळा मार्ग घेतला. त्यात सहचालकाचा आवाज गेमच्या मुख्य रचनाकाराचाच, पॉल कोलमन याचा आहे. तो प्रत्यक्ष रॅलीतही सहचालक म्हणून बसत असे. कदाचित त्यामुळेच ऐकणे आणि वळवणे यांतली वेळ येथे फार विचारपूर्वक बांधलेली जाणवते. मृत प्रदेश किती, वळणाचा वक्र कसा, पूर्ण वळण कोठे मानायचे, हे सारे खेळणाऱ्यापुढे उघडे ठेवलेले आहे. अर्जाचा अर्थ कोणत्या नियमाने लावला जाईल ते अर्जदाराला पाहता येते आणि बदलताही येते. 'डर्ट रॅली २.०' (२०१९) मध्ये आधीच्या गाड्यांनी रस्ता उकरला जाण्याची भर पडली आणि चाकोरीत अडकलेल्या गाडीची थरथर कंट्रोलरच्या कंपनातही बऱ्यापैकी उतरली. डांबरावरचा कृत्रिमपणा या दोन्ही गेममध्ये उरतोच.

तिसरा, 'आर्ट ऑफ रॅली' (२०२०), साधर्म्याचा आग्रहच सोडून देतो. १९८६ नंतर बंद झालेला ग्रुप-बी गाड्यांचा वर्ग कधी बंदच झाला नाही, अशी त्याची कल्पित पार्श्वभूमी. कॅमेरा गाडीच्या वर आणि मागे, खेळण्यातल्या गाडीकडे पाहावे तसा. आणि सहचालक नाहीच. पुढचे वळण वरून दिसते, म्हणून ऐकावे लागत नाही. कानाचे काम डोळ्याला दिल्यामुळे भोवळ शिल्लक राहते, पण न दिसणाऱ्या रस्त्यावरचा विश्वास जातो. गेम म्हणून तो सुंदर आहे. रॅली म्हणून त्याने एक मोठी गोष्ट गमावली आहे, आणि ती गोष्ट चक्र जोडून परत मिळणारी नाही.

या तुलनेतून एक निकष हाती येतो. कंट्रोलरवर गेम मदत करतो यात गैर काही नाही. ती मदत लपवलेली आहे की उघड आहे, हा खरा प्रश्न होय. अनेक गेम अंगठ्याच्या हालचालीवर गुपचूप संस्कार करतात, घसरण स्वतःच थोडी सावरतात आणि श्रेय खेळणाऱ्याच्या पदरात टाकतात. खेळणारा स्वतःला कुशल समजतो; वस्तुतः दोघेजण गाडी चालवीत असतात. चक्रवाल्यांची कंट्रोलरविषयीची तुच्छता जेथे समर्थनीय ठरते ती जागा हीच, पण तेथेही दोष साधनाचा नसून रचनाकाराच्या संकोचाचा आहे.

प्रतिष्ठेचा प्रश्न

साधनावरून कलावंताची पायरी ठरवण्याचा प्रकार महाराष्ट्राला अपरिचित नाही. हार्मोनियमवर मींड निघत नाही, श्रुती नेमक्या लागत नाहीत, म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने त्या वाद्याला दार बंद केले. ते किलकिले व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. दरम्यान गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, आप्पा जळगावकर यांच्यासारख्या वादकांनी पट्ट्यांना साजेसा हात घडवला. त्यांनी हार्मोनियमची सारंगी केली नाही. मींडेविषयीचा आक्षेप त्यांच्या वादनानंतरही खराच राहिला. फक्त त्या आक्षेपावरून वादकाची योग्यता ठरवणे हास्यास्पद झाले. कंट्रोलरबाबत हेच घडावे अशी अपेक्षा करता येते. तो घेणारा नेहमी पैशाअभावीच घेतो असेही नाही. चक्राला स्थिर टेबल, मोकळी जागा आणि दोन्ही पाय लागतात. ज्याला पायाने पेडल दाबता येत नाही त्याच्यासाठी तर्जनीचा ट्रिगर हीच रॅलीची वाट असते. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये अपंग खेळाडूंसाठी काढलेला ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर याच जाणिवेतून आला. 'खरा खेळाडू' ही संज्ञा वापरणाऱ्याने ती कोणाला वगळते हे एकदा तपासून पाहावे.

साधन घडवणाऱ्यांनीही कंट्रोलरकडे स्वतंत्र वाद्य म्हणून पाहायला सुरुवात केली आहे. एक्सबॉक्स वन (२०१३) च्या कंट्रोलरमध्ये ट्रिगरखालीच वेगळ्या कंपनमोटरी बसवल्या गेल्या. प्लेस्टेशन-५ च्या ड्युअलसेन्समध्ये (२०२०) ट्रिगर बोटाला विरोध करू लागले. कायलोटॉन या फ्रेंच संस्थेच्या 'डब्ल्यूआरसी ९' ची प्लेस्टेशन-५ वरील आवृत्ती या सोयीचा लाभ घेणाऱ्या पहिल्या गेमपैकी एक होती. ब्रेकच्या तर्जनीला तेथे काहीतरी कळू लागते. डावा अंगठा मात्र होता तेथेच आहे. बर्फ असो, खडी असो वा मॉन्टे कार्लोचे ओले डांबर असो, त्याच्या खालची स्प्रिंग अजून त्याच एका मध्याकडे ओढत असते.